जुनी जोडी भरवशाची नाही

४ जानेवारी, रविवार

ही वही फक्त माझ्यासाठी आहे. दुसरं कुणी वाचत असेल तर तिने ती आत्ताच्या आत्ता बंद करून होती तशी कपाटावर ठेवावी. कशी होती ते माझ्या पक्कं लक्षात आहे.

ठरलं! मार्चमध्ये मी आणि मेहुणा भिंतीवर जाणार. भिंत म्हणजे साधीसुधी नव्हे. चढायला तीन दिवस लागतात असा सरळसोट कडा आहे, झोपायचंसुद्धा लटकत्या खाटेवर. हातापायाला धरायला काही नाही. म्हणून फटीत पाचर अडकवायची, पाचरेला पट्ट्यांची शिडी टांगायची, शिडीवर चढून पुढची पाचर, पुन्हा शिडी. मेहुणा पुढे, मी मागे. तो दातांच्या कवळ्या बनवतो, त्यामुळे फटींचा त्याला सराव आहे.

क्लाइंबिंग हॉलवर तो सगळ्यांना सांगतो की भाऊजींची आणि माझी जोडी आहे. इतक्या वर्षांत मला स्वतःहून कुणी कुठे चला म्हटलेलं नाही. ऑफिसातले चहाला जातात तेही माझी पाठ वळली की. हे इथे लिहायला हरकत नाही.

संकल्प: रोज जिन्याने वर यायचं. पोट कमी करायचं. उगाच कुणावर संशय घ्यायचा नाही (हा बायकोने सुचवला. आत्ताच का सुचवला असेल?).

५ जानेवारी

लिफ्ट बंद असती तर जिन्यानेच आलो असतो. चालू होती.

११ जानेवारी, रविवार

हॉलवर सराव. मेहुण्याच्या जुन्या शिड्या वापरल्या. त्यांच्या पायऱ्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा शिवलेल्या. डावा पाय उजवीत गेला, उजवा कुठे गेला ते कळलं नाही, आणि मी उलटा. डोकं खाली, पाय वर. लांब्याने येऊन सोडवलं. हा लांब्या म्हणजे हॉलवर येणारा एक ताडमाड इसम, मेहुण्याच्या मागे-पुढे करत असतो. मला सोडवताना तो हसला नाही. हाच मुद्दा आहे. एवढ्या प्रसंगात जो हसत नाही तो काहीतरी लपवत असतो.

मेहुणा म्हणाला की दोष माझा नाही, शिडीचा आहे. (हे मी आधीच ओळखलं होतं.) म्हणे मला सरळ शिडीच हवी, पायऱ्या एकाखाली एक असणारी. वर एक आडवी दांडी असते, त्यामुळे पायरी मिटत नाही, पाय नीट आत जातो. वारा सुटला की जरा फडफडते, वजनाला जड असते, पण माझ्यासारख्याला तीच बरी. माझ्यासारख्याला म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. शेवटी म्हणाला की फार महागाची नको, पण कचराही नको, आणि घेण्याआधी त्याला दाखवायची.

का दाखवायची? बारा वर्षं विम्याच्या दाव्यांची छाननी करतोय मी. लोकांच्या जळालेल्या गोदामांतून न जळालेला माल काढलाय. मला शिडी निवडता येत नाही?

१३ जानेवारी

दोरवाल्याच्या दुकानात गेलो. दोर, हुक, हेल्मेट सगळं त्याच्याकडेच मिळतं. मेहुण्याची त्याच्याशी जुनी ओळख, म्हणजे मी सावध.

त्याने महागडी शिडी काढली. लेबल वाचलं. त्यावर बारीक अक्षरांत: फक्त शरीराचं वजन पेलण्यासाठी. बारीक अक्षरं कशासाठी असतात हे मला शिकवायला नको. मी विचारलं की मग कपड्यांचं वजन कोण पेलणार? तो म्हणाला की शिडी उभं राहायला असते, पडलात तर दोर झेलतो, शिडी नाही. उत्तर अगदी तयार होतं. जरा जास्तच तयार.

मग त्याने आपणहून निम्म्या किमतीची शिडी दाखवली. म्हणे शिवण तीच, दांडी तीच, फक्त पट्टी जरा अरुंद, तुम्हाला पुरे. दुकानदार स्वतःच्या तोंडाने स्वस्त वस्तूची तारीफ करतो? कुठेतरी पाणी मुरतंय. काही न घेता निघालो. त्याने चहा विचारला. घेतला नाही.

१८ जानेवारी

दिवसभर इंटरनेटवर रिव्ह्यू वाचले. ज्यांनी पाच तारे दिलेत ते सगळे खूप छान म्हणतात, म्हणजे एकच माणूस लिहितोय. एक तारा देणारे दुसऱ्या कंपनीचे. तीन तारे देणाऱ्यांना स्वतःचं मत नाही, त्यांचं काय ऐकायचं?

शेवटी एक शिडी सापडली जिला एकही रिव्ह्यू नाही. म्हणजे हिच्याबद्दल अजून कुणीही खोटं बोललेलं नाही. शिवाय सगळ्यात स्वस्त. ऑर्डर केली. दोरवाल्या, तुझी टोपी दुसऱ्या कुणाला घाल.

२७ जानेवारी

पार्सल आलं. पिवळी आहे. फोटोत दोन होत्या, पेटीत एक. पेटीवर बारीक अक्षरांत: दुसरी शिडी केवळ चित्रासाठी. हे वाचायचं राहून गेलं, कारण त्या वेळी बायकोने जेवायला हाक मारली होती. तिने नेमकी तेव्हाच हाक का मारावी?

एका शिडीवर भिंत चढता येत नाही, एकीवर उभं राहून दुसरी पुढे टांगायची असते. आणखी एक मागवली.

३१ जानेवारी

दुसरी आली. हिला एक पायरी कमी आहे. कडा तरी कुठे सगळीकडे सारखा असतो? चालेल.

मेहुण्याला अजून दाखवल्या नाहीत. एकदम भिंतीखाली काढून दाखवीन, आ वासून बघत राहील.

१ फेब्रुवारी, रविवार

शास्त्रशुद्ध चाचणी. बायको बाहेर गेली होती. दाराच्या चौकटीतल्या व्यायामाच्या दांडीला शिडी टांगली. आधी सुईने एका पायरीची शिवण थोडी उसवून आत पट्टीचे किती पदर आहेत ते पाहिलं. आतला माल पाहिल्याशिवाय मी कुठल्याच कागदावर सही करत नाही. मग चढलो. तीच पायरी टर्रकन निघाली आणि मी चपलांच्या स्टँडवर.

निष्कर्ष: शिवण कच्ची. उसवली मी हे खरं, पण चांगल्या वस्तूने उसवू द्यायला नको होतं.

बायकोच्या डब्यातला लाल दोरा घेऊन पुन्हा शिवली. हाताने शिवलेलं मशीनपेक्षा मजबूत असतं. तिने स्टँडबद्दल विचारलं. सांगितलं की माळ्यावरचं काढत होतो. माळ्यावरचं काय, असं तिने विचारलं. चौकशा फार करते हल्ली.

८ फेब्रुवारी, रविवार

पायाखालची जमीन सरकली. जसं ऐकलं तसं लिहून ठेवतो.

मी सहज फ्रीजच्या मागे उभा होतो. बायको स्वयंपाकघरात भावाशी फोनवर बोलत होती. स्पीकर चालू, कारण हात पिठाचे. मेहुणा म्हणाला की जुनी जोडी आता मोडीत काढायची. तिच्यावर भरवसा ठेवून भिंतीवर जाण्यात अर्थ नाही, गेल्या महिन्यात हॉलवर सगळ्यांनी पाहिलंच. नवी जोडी ठरली आहे. लांब्याशी बोलणं झालंय. भाऊजींना एवढ्यात कळू देऊ नकोस.

आणि बायको काय म्हणाली? म्हणाली, बरं झालं बाई. हसलीसुद्धा.

जुनी जोडी! हॉलवर आमची जोडी म्हणून मिरवतो तो, आणि आता मी मोडीत. लांब्याशी बोलणं झालंय म्हणे. माझ्याशी नाही झालं.

फ्रीजमागून निघताना शेजारची बादली लाथाडली गेली. बायकोने काय शोधताय म्हणून विचारलं. काही नाही म्हटलं.

१२ फेब्रुवारी

उलटतपासणी सुरू. मेहुण्याला फोन करून अगदी सहज विचारलं की आपली जोडी कशी काय आहे? तो म्हणाला, खणखणीत आहे भाऊजी, फक्त पोट जरा आवरा. जीभ अडखळली नाही त्याची. सराईत आहे.

हॉलवर लांब्याने गोड बोलून माझ्या बुटांचा नंबर विचारला. मग वजन. मी वजन चार किलो कमी सांगितलं. याला माझं वजन कशाला हवंय? उघड आहे. मला गाळायला कारण हवं ना.

१९ फेब्रुवारी

पुरावा मिळाला.

कपाटात पांघरुणं कशी ठेवली आहेत ते बघत होतो. (बघू नये असं कुठे आहे?) तर मागच्या बाजूला पिशवी. दोरवाल्याच्या दुकानाची. आत दोन निळ्या शिड्या, कोऱ्या करकरीत. वर दांडी, रुंद पायऱ्या, एकसारखी शिवण. नवी जोडी! लांब्याच्या शिड्या माझ्या घरात, माझ्या पांघरुणांमागे! बायको सामील, दोरवाला सामील. सगळे मिळून मला शेंडी लावतायत.

बराच वेळ पलंगावर बसलो. वाईट वाटलं. राग नंतर आला, आधी वाईटच वाटलं.

मग डोकं चाललं. निळ्या शिड्या काढून माझ्या ऑफिसच्या बॅगेत. पिवळ्या पिशवीत, पिशवी पांघरुणांमागे, पांघरुणं होती तशी. चोरी नव्हे, अदलाबदल. शिवाय भिंतीवर जाणारा प्रामाणिक माणूस आधी आपलं सामान तपासतो. लांब्या तपासेल. नाही तपासलं तर तो भिंतीच्या लायकीचाच नाही, हे मेहुण्याला आपोआप कळेल. लाल दोरा अगदीच काही वाईट नाही.

२० फेब्रुवारी

झोप नीट लागली नाही. गादी जुनी झाली आहे.

१ मार्च, रविवार

कसं लिहू?

सकाळी मेहुणा आला. बरोबर लांब्या. मी म्हटलं, आले निरोप द्यायला. चेहरा अगदी कोरा ठेवला. बायकोने कपाटातून पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली. माझ्या! मेहुणा म्हणाला की भाऊजी, त्या माझ्या जुन्या जोडीवर तुम्हाला भिंतीवर न्यायला माझं मन घेईना, तुमचे पाय अडकतात. तुम्ही घेणार ते स्वस्तातलंच काहीतरी घेणार, म्हणून मीच नवी ठरवली. लांब्याने तुमचं माप काढलं. उघडा.

जोडी. शिड्यांची जोडी. दोरवालासुद्धा जोडीच म्हणतो. मी स्वतः दुसरी शिडी मागवली ती जोडी पुरी व्हावी म्हणूनच.

उघडली. पिवळी. एक लांब, एक आखूड. मध्ये लाल टाके.

मेहुण्याने ती पायरी बोटावर ताणली, टाके सुटायला लागले. त्याचा चेहरा पांढरा पडला. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हणालो की बघ, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, दोरवाला चोर आहे. माल बदलून दिला त्याने.

मेहुणा तसाच चप्पल घालून दुकानाकडे गेला. लांब्या त्याला थांबवत मागे मागे. चहा तसाच राहिला.

बायको लाल दोऱ्याकडे बघत होती. मग माझ्याकडे. स्वतःचा दोरा तिला ओळखता येतो की नाही, हे अजून स्पष्ट झालेलं नाही.

४ मार्च

मेहुण्याचं आणि दोरवाल्याचं कडाक्याचं भांडण झालं. दोरवाला म्हणाला की निळी जोडी मी माझ्या हाताने पिशवीत घातली. मेहुणा म्हणाला, माणूस मेला असता. आता दोघांचं बोलणं बंद. मी मेहुण्याला दावा ठोकायचा सल्ला दिला, अर्ज कसा भरायचा तेही सांगितलं. एवढी मदत कोण करतं?

एक बारीक अडचण. निळ्या शिड्या ऑफिसच्या खणात आहेत. त्या आपोआप सापडायला हव्यात. लिफ्टमध्ये? दोरवाल्याच्या दारात? विचार चालू.

आनंदाची गोष्ट: जोडीत मीच आहे! होतोच.

७ मार्च, शनिवार

दुपारी हॉलवर कुणी नसतं. म्हटलं, भिंतीवर जायला आठवडा राहिला, निळ्यांवर एकदा हात बसवून घ्यावा, मग सापडवू. हॉलवाल्या बाईंनी दोर धरला.

आणि काय सांगू! पाय ठेवला की पायरी उघडीच. डाव्या-उजव्याची भानगड नाही. अरे, मला येतं की! एक शिडी टांगली, चढलो, दुसरी टांगली, चढलो. एकदाही अडकलो नाही. पहिल्यांदाच छतापर्यंत पोचलो. वरच्या घंटीला हात लावला. लहान मुलासारखी वाजवली.

खाली बघितलं तर मेहुणा. शेजारी दोरवाला. त्यांचा समेट व्हावा म्हणून लांब्याने दोघांना हॉलवर बोलावलं होतं म्हणे. तिघंही मान वर करून निळ्या शिड्यांकडे बघत होते.

मी जरा वेळ वरच थांबलो. वरून हॉल चांगला दिसतो.

उतरल्यावर मी म्हणालो की आत्ताच सापडल्या. कुठे, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. मेहुणा दोरवाल्याकडे वळला, त्याचा हात हातात घेतला आणि चुकलो म्हणाला. माझ्या वाटचं तो म्हणाला.

८ मार्च, रविवार

मेहुणा घरी आला. बसला नाही. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, भाऊजी, पिशवीतली जोडी लांब्याची असं तुम्हाला वाटलं. म्हणजे त्याच्या पायाखाली ती उसवलेली पायरी गेली तरी तुम्हाला चालणार होतं. तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, त्याचं मला काही नाही, तो तुमचा धंदाच आहे. पण वर तीन दिवस माझा दोर तुमच्या हातात असणार. मला मान वर करून चढायचं असतं. सारखं खाली बघत मला चढता येणार नाही.

मी म्हणालो की तांत्रिकदृष्ट्या लांब्या फूटभरावरूनच पडला असता. हे बोलायला नको होतं असं आता वाटतं. फूटभर हा आकडा अंदाजे होता.

मी तुझ्याबरोबर येतो रे, असं शेवटी मी म्हणालो. अगदी साधं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझ्या नव्हतं, मला सर्दी झाली होती.

९ मार्च

मग कोण जाणार त्याच्याबरोबर? लांब्याला रजा नाही, जेमतेम एक दिवस मिळेल. म्हणजे मला परत विचारावंच लागेल. फोन जवळ ठेवला आहे.

१० मार्च

बायको जाणार आहे.

लग्नाआधी भाऊ-बहीण मिळून कडे चढायचे हे मला माहीत होतं. कधी तपासलं नव्हतं. आज हॉलवर गेली आणि निळ्या शिड्यांवर अशी चढली जशी घरच्या जिन्याने गच्चीवर जातेय. (ती रोज जिन्यानेच येते, असं लिफ्टवाला म्हणाला.) मी विचारलं की हे तुझं आधीपासून ठरलं होतं का? तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी प्रश्न मागे घेतला. असं मी ऑफिसात कधीच करत नाही.

मग म्हणाली की तुमच्याबरोबर त्याने जावं म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. तुम्हाला कुणी बोलावत नाही, याचं मला वाईट वाटायचं.

हे मला माहीत नव्हतं.

१५ मार्च, रविवार. भिंतीखाली

मीही आलो आहे. खाली सामान राखायला कुणीतरी विश्वासू हवं असतं. विश्वासू हा शब्द मेहुण्याने वापरला नाही, पण पाण्याच्या कॅनपाशी बसा म्हणाला, म्हणजे अर्थ तोच. एका दिवसापुरता लांब्याही आला आहे. मला बिस्किटं दिली. पुडा आधी उघडलेला नव्हता, तपासलं. मग खाल्ली. त्याला सॉरी म्हणणार होतो, तेवढ्यात तो झऱ्यावर पाणी आणायला गेला.

दुर्बीण लावून बसलोय. मेहुणा वर ठिपक्याएवढा. त्याच्या खाली ही. मेहुणा एकदाही खाली बघत नाही.

आत्ता ती थांबली. शिडीवर नीट उभी राहिली, वळली आणि हात हलवला. लांब्याला असणार. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणी नाही.

म्हणजे मलाच केला होता. मी घाईघाईने हात वर केला, पण तोवर ती वळून वर निघाली होती.